कागदाचे कातरकाम

गणपतीच्या मखराला आपण कागदाच्या झालरी कातरतो आणि सण सरला की त्या केरात जातात. कागदाचे काम चार दिवसांचे, असेच आपण धरून चालतो. पण पोलंड, युक्रेन या भागांतील यहुदी लोकांनी याच साध्या कागदावर मोठी कला उभी केली. तिची हकीगत भगिनींना आवडेल म्हणून येथे देत आहे.

यहुदी म्हटले की आपल्याला रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल आठवतात. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. कोठलाही यहुदी प्रार्थना करतो ती यरुशलेमकडे तोंड करून. आपल्याकडून ते गाव पश्चिमेला येते, युरोपातून पूर्वेकडे. म्हणून तेथील घरांत पूर्वेच्या भिंतीवर एक चित्र लावीत. त्याचे नाव ‘मिझराख’, म्हणजे पूर्व.

श्रीमंतांची गोष्ट वेगळी, गरिबाला चांदीसोने कोठून? तो कागद घेई. कागदाची मधोमध घडी घालून तो फळीवर बसवावयाचा आणि धारदार चाकूने कोरावयाचा. घडी उलगडली की दोन्ही अंगे सारखी! मध्ये सात फाट्यांची दीपमाळ किंवा जीवनवृक्ष, बाजूंना सिंह, हरिण, गरुड आणि बिबट्या. देवाचे काम करताना माणसाने बिबट्यासारखे धीट, गरुडासारखे हलके, हरणासारखे चपळ आणि सिंहासारखे बळकट असावे, अशी त्यांच्या जुन्या धर्मग्रंथाची शिकवण आहे. शावुओत सणाला खिडक्यांच्या काचांवर कागदाची गोल फुले चिकटवीत.

नवल असे की, पोलंडच्या खेड्यांतील ख्रिस्ती बायका मेंढ्यांची लोकर कातरावयाच्या कात्रीने असेच काम करीत. यहुद्यांत मात्र ते बहुधा पुरुषांचे आणि पाठशाळेतील मुलांचे असे. ही हौस फार जुनी. स्पेनमधील शेम तोव या धर्मपंडिताने 1345 साली लेखणी आणि कात्री यांच्या भांडणावर एक ग्रंथ लिहिला. थंडीने दौतीतली शाई गोठली, तेव्हा कात्रीने कागदातून अक्षरे कापून लिहिणे चालू ठेवले, अशी त्यातील कथा आहे.

पुढे काळ फिरला. 1939 ते 1945 च्या महायुद्धात नाझींनी सुमारे साठ लाख यहुदी मारले. त्यांत पोलंडचेच तीस लाखांच्या आसपास होते. माणसे गेली, घरे गेली, मग भिंतीवरचा कागद कोण सांभाळणार? कोरणारा हात आणि शिकणारा मुलगा, दोघेही एकदमच नाहीसे झाले.

ही कला पुन्हा वर आली ती मुख्यतः दोन स्त्रियांमुळे. गिझा फ्रँकेल या विदुषीने युद्धाआधीच पोलंडमध्ये तिचा अभ्यास केला होता. पुढे त्या इस्रायलला गेल्या आणि 1983 साली त्यांचे या विषयावरील पुस्तक निघाले. दुसऱ्या यहुदित शादुर. अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंनी यरुशलेमला राहून 1960 नंतरच्या दशकात कातरकाम हाती घेतले. सिंह, वृक्ष, दीपमाळ ही चिन्हे जुनीच ठेवली, पण मांडणी स्वतःची केली. त्यांचे पाहून इतरही कलावंत या कामाकडे वळले. त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. पती जोसेफ यांच्यासह त्यांनी जगभर उरलेल्या जुन्या कातरकामांचा शोध घेतला आणि 1994 व 2002 साली दोन ग्रंथ सिद्ध केले.

जुन्या कारागिरांपैकी काहींनी चित्रातच आपले नाव आणि साल घातले होते, म्हणून त्यांची ओळख आज पटते. ज्यांनी घातले नाही, त्यांचे काम राहिले पण नाव गेले. आपल्या सासूबाईंनी, आजीने रुखवतासाठी केलेल्या वस्तू अजून पुष्कळ घरांत पेटीच्या तळाशी असतील. भगिनींनो, त्या एकदा बाहेर काढा आणि मागे करणारीचे नाव व साल लिहून ठेवा. सांगणारे माणूस घरात आहे तोवरच हे होण्यासारखे आहे.