परांड्याच्या वाटेवरील जखमा

खर्ड्याची लढाई ता. ११ मार्च १७९५ रोजीं निजामअलीची फौज खर्ड्याहून परांड्याकडे कूच करीत असतां झाली. परांडा हें ठाणें आतांच्या धाराशिव जिल्ह्यांतलें. त्या दिवशीं लालखान नांवाच्या सरदारानें परशुरामभाऊ पटवर्धनांस जखमी करून घोड्यावरून पाडलें, आणि भाऊंच्या पुत्रानें त्यास तेथेंच ठार केलें, असें ग्रांट डफ लिहितो. या जखमेंतून भाऊ उठले. १७९९ सालीं पट्टणकुडीच्या लढाईंत झालेल्या जखमांतून मात्र उठले नाहींत.

लढाईच्या कागदांत ‘ठार’ व ‘जखमी’ हे शब्द आले कीं आपण आंकडा टिपून पुढें जातों. ‘जखमी’ या शब्दांत काय काय झांकलें जातें, याचा विचार आमच्या मतें व्हावयास हवा. तुळजापुरावरून आलेल्या अफझलखानाचा १६५९ त प्रतापगडीं निकाल लागल्यावर महाराजांनीं जखमी लोकांस जखम पाहून पंचवीसपासून दोनशें होनांपर्यंत बक्षीस दिलें, असें सभासद सांगतो. म्हणजे जखमेची प्रत लावण्याची रीत होती. परंतु ही प्रत उघड्या जखमेची. घोड्यावरून पडलेल्या स्वाराचा मुका मार कोणत्या यादींत धरावयाचा?

सुश्रुतानें तो धरला आहे. ताज्या व्रणांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार करून तो म्हणतो कीं, चेंगरलेल्या व खरचटलेल्या अंगांतून रक्त फारसें वाहत नाहीं, तें आंत अडतें, म्हणून दाह व पाक होतो. तेथें थंड लेप व थंड पाण्याचें सिंचन करावें. आजचे डॉक्टरही मुक्या मारावर पहिले एकदोन दिवस थंडच शेक सांगतात. आमच्याकडे घरोघर आंबेहळदीचा ऊन लेप प्रथम घालतात. तो दोन दिवस थांबला तर बरें!

मांस भरून येण्याचा क्रम आतां चांगला कळला आहे. प्रथम रक्त गोठतें. मग पांढऱ्या पेशी जमून सूज येते. पुढें नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या व तंतू यांनीं पोकळी भरते. तीन आठवड्यांनीं जखम मिटलेली दिसली तरी तेथें मूळ त्वचेच्या सुमारें पंचमांशच बळ असतें. पुढें महिनोन् महिने तंतू घट्ट होत जातात, तरी चार पंचमांशांपलीकडे बळ सहसा जात नाहीं. मोहिमेवरचा शिपाई ‘बरा झाला’ म्हणून पुन्हां घोड्यावर बसे, तो अशा अर्धवट बळाच्या अंगानें.

याच काळचा कावसजी सर्वांस ठाऊक आहे. इंग्रजी फौजेचा हा बैलहाक्या टिपूच्या हातीं सांपडून नाकास व एका हातास मुकला. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातींतील एका कारागिरानें कपाळाची कातडी वळवून त्याचें नाक घडविलें. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ त लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापली गेली, आणि कार्प्यूनें १८१४ त तोच प्रयोग लंडनांत केला. कारागिराचें नांव मात्र त्या हकीकतींत नाहीं.

परांडे, भूम, कळंब, तुळजापूर या बाजूंस ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत, त्यांस आमची विनंति अशी कीं, सनदा व महजर निवडतांना लेपांचीं व मलमांचीं सुटीं पानें वेगळीं टाकूं नयेत. तीं ज्या रुमालांत सांपडलीं त्या रुमालाचा आंकडा त्यांवर लिहून ठेवावा.