डब टेक्नो कॉर्ड

डब टेक्नो कॉर्ड हा डब टेक्नो या इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकाराची ओळख ठरलेला सिंथेसायझरचा ध्वनी होय. क्षणभर वाजून थांबणारा मायनर कॉर्ड आणि त्यामागून दीर्घकाळ रेंगाळणारे प्रतिध्वनी असे त्याचे स्वरूप असते. या ध्वनीत मूळ स्वरांचा वाटा अल्प असून त्याचे रूप मुख्यतः फिल्टर, डिले आणि रिव्हर्ब या ध्वनिपरिणामांतून घडते.

इतिहास

ध्वनिपरिणामांचा वाद्याप्रमाणे वापर करण्याची पद्धत जमैकातील डब संगीतातून आली. १९७० च्या दशकात किंग्स्टन येथे किंग टबी, ली 'स्क्रॅच' पेरी आदी ध्वनितंत्रज्ञांनी रेगे गीतांतील गायन व वाद्ये मिक्सरवर वगळून आणि उरलेल्या अंशांना प्रतिध्वनी देऊन नव्या आवृत्त्या तयार केल्या. बर्लिनमधील मोरिट्झ फॉन ओस्वाल्ड व मार्क एर्नेस्टुस यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या बेसिक चॅनलने या पद्धतीची सांगड डेट्रॉईटमध्ये उगम पावलेल्या टेक्नोशी घातली. त्यांच्याशी संबंधित चेन रिअ‍ॅक्शन या लेबलवर मोनोलेकचे संगीत प्रसिद्ध झाले. मोनोलेकमधील गेरहार्ड बेह्लेस व रॉबर्ट हेन्के यांचा पुढे एबलटन लाइव्ह (२००१) या संगीत-सॉफ्टवेअरच्या निर्मितीत सहभाग होता.

मूळ ध्वनी

सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये सामान्यतः दोन ऑसिलेटरांचे करवती आकाराचे तरंग किंचित वेगळ्या सुरांत ठेवून एकत्र केले जातात. षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि कोमल निषाद हे स्वर एकत्र वाजवल्यास या शैलीत रूढ असलेला मायनर सेव्हन्थ कॉर्ड मिळतो. लो-पास फिल्टरने वरच्या कंप्रता कापून ध्वनी मऊ केला जातो आणि एन्व्हलप आखूड ठेवला जातो. मूळ ध्वनी लांबल्यास प्रतिध्वनींना जागा उरत नाही. फिल्टरची मर्यादा संथ एलएफओने सतत बदलत ठेवल्याने एकच कॉर्ड दर वेळी थोडा निराळा ऐकू येतो.

डिले आणि फीडबॅक

डिलेचा अवधी बहुधा पाऊण ठोक्याचा ठेवतात. मिनिटाला १२० ठोके या गतीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, तर पाऊण ठोका ३७५ मिलिसेकंदांचा होतो. ठोक्यावर वाजलेल्या कॉर्डचे पहिले तीन प्रतिध्वनी त्यामुळे ठोक्यांच्या मधल्या जागी पडतात आणि चौथा पुन्हा ठोक्यावर येतो. या सरकत्या मांडणीतून स्वतंत्र लय निर्माण होते.

फीडबॅक म्हणजे डिलेतून बाहेर पडलेला ध्वनी पुन्हा त्यातच सोडण्याचे प्रमाण. ते ६० टक्के असल्यास चार फेऱ्यांनंतर ध्वनीची पातळी सुमारे १३ टक्के उरते. फिल्टर डिलेनंतर न लावता फीडबॅकच्या फेऱ्यातच बसवल्यास प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा अधिक काळवंडत जातो आणि जुन्या टेप-एको यंत्रांसारखा परिणाम साधतो. त्यात सौम्य सॅच्युरेशनही जोडले जाते. प्रमाण १०० टक्क्यांपुढे गेल्यास प्रतिध्वनी विरण्याऐवजी वाढत जातात. कलावंत ही स्थिती हेतुपुरस्सर क्षणभर आणून फीडबॅक वेळीच खाली घेतात. अनियंत्रित वाढीपासून श्रवणयंत्रणेचे व कानांचे रक्षण करण्यासाठी शेवटी लिमिटर लावणे इष्ट असते.

रिव्हर्ब आणि मिश्रण

रिव्हर्ब डिलेच्या पुढे जोडल्यास प्रत्येक प्रतिध्वनीच्या कडा विरघळून विस्तीर्ण अवकाशाचा भास होतो. मात्र रिव्हर्बमधील खालच्या कंप्रता किक ड्रम व बेसला झाकोळतात; म्हणून त्या हाय-पास फिल्टरने काढून टाकतात. किक वाजताच इतर ध्वनी किंचित दाबणारे साइडचेन कॉम्प्रेशनही वापरले जाते. टेपची खरखर किंवा तबकडीची चरचर पार्श्वभूमीला ठेवण्याची प्रथा आहे.

डिले व रिव्हर्ब स्वतंत्र रिटर्न ट्रॅकवर ठेवल्यास कोणता कॉर्ड किती प्रमाणात त्यांकडे पाठवायचा हे वादनाच्या वेळीच ठरवता येते. असे बदल ऑटोमेशनद्वारे नोंदवता येतात. सुरावट फारशी न बदलता रचना पुढे नेण्याचे काम या शैलीत प्रामुख्याने ही हाताळणीच करते.

हे सुद्धा पहा

डब संगीत
टेक्नो
सिंथेसायझर