समाजशास्त्रे कोणासाठी?

'जनरल एज्युकेशन' अर्थात सर्वसाधारण शिक्षण या कल्पनेचा इतिहास सांगताना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा उल्लेख टाळता येत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, सैनिकी प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना युद्धामागचे प्रश्न समजावून देणारा एक वर्ग तेथे चालवला गेला. युद्ध संपले, पण त्या वर्गाच्या अनुभवातून १९१९ साली 'कंटेम्पररी सिव्हिलायझेशन' हा अभ्यासक्रम उभा राहिला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तो सक्तीचा होता. इतिहास, अर्थकारण, राज्यव्यवहार आणि तत्त्वचिंतन यांचा त्यात एकत्र विचार होई. पुढे कोणत्याही व्यवसायात जाणाऱ्या तरुणाला आपल्या काळाचे प्रश्न कळले पाहिजेत, ही त्यामागची धारणा.

मात्र 'सिव्हिलायझेशन' म्हणजे तेथे पाश्चात्त्य संस्कृतीच अभिप्रेत होती. विद्यार्थ्याला एक वारसा समजावून द्यायचा, असे त्याचे स्वरूप राहिले.

त्याच विद्यापीठात तीन वर्षे आधी समाजशास्त्रांचा निराळा उपयोग झाला होता, आणि तो आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, वय पंचवीस. जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही ते बंधन टिकवण्याची साधने, अशी त्यांची मांडणी होती. ज्या व्यवस्थेचे चटके स्वतः सोसले, तिच्याकडे त्यांनी शास्त्राच्या नजरेने पाहिले. ते पदव्युत्तर विद्यार्थी होते हे खरे. पण ही नजर केवळ पदव्युत्तर वर्गाची मिरास का असावी?

स्वतंत्र भारतात डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) सर्वसाधारण शिक्षणाचा आग्रह धरला. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला समाजाचे आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्याला विज्ञानाचे भान असावे, अशी अपेक्षा होती. पुढे मुंबई विद्यापीठात 'फाउंडेशन कोर्स' आला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. हेतू चांगलेच होते. परंतु आम्ही महाविद्यालयांत शिकवणारे जाणतो की, असा विषय वेळापत्रकात उरलेल्या तासाला बसवला जातो. 'जातीव्यवस्थेची पाच वैशिष्ट्ये' गाईडमधून पाठ होतात आणि उत्तरपत्रिकेबरोबर विसरली जातात.

यात हानी कोणाची? समाजशास्त्र हा ज्याचा मुख्य विषय आहे, तो पुढे केव्हातरी हे प्रश्न वाचेलच. रसायनशास्त्राच्या किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र ही संधी एकदाच मिळते. उद्या तो नोकरीसाठी माणसे निवडेल, घर भाड्याने देईल, मुलांची लग्ने ठरवील.

म्हणून एक साधा प्रयोग सुचवावासा वाटतो. रविवारच्या वर्तमानपत्रातील वधूवर-जाहिरातींचे पान वर्गात न्यावे. किती जाहिरातींत जातीचा उल्लेख आहे, 'जातीचे बंधन नाही' असे किती जण म्हणतात आणि त्यातही अपवाद कोणते करतात, हे विद्यार्थ्यांना मोजू द्यावे. मग १९१६ चा तो निबंध वाचायला द्यावा. त्या तासाला गाईड उपयोगी पडणार नाही, आणि आम्हां शिक्षकांनाही तयार उत्तरे घेऊन वर्गात जाता येणार नाही.