मोडी मोडीत निघाली तेव्हा

लक्ष्मीपूजनाला दुकानादुकानांतून नव्या वह्यांची पूजा होते. एखाद्या घरी माळ्यावर पणजोबांच्या काळची वही सापडली, तर तिलाही हळदकुंकू वाहतात. पण ती उघडून वाचणारा घरात कोणी नसतो. कारण तिच्यातली अक्षरे मोडी असतात. जी लिपी शेकडो वर्षे मराठी माणसाचा जमाखर्च, करार आणि खलिते वाहून नेत होती, ती आपण टाकली. का टाकली, आणि टाकली ते योग्य झाले का, याचा विचार करण्यासारखा आहे.

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात यादवकालीन ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ आहे. १२७३ ते १२७७ या वर्षांतला हा लेख. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून भाविक त्याला पाठ घासत आले. त्याची अक्षरे देवनागरी, सुटी सुटी. छिन्नी प्रत्येक रेघेला उचलावीच लागते, म्हणून दगडावर ती शोभतात. कचेरीतल्या कारकुनाला मात्र इतकी फुरसत कुठली? तो आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवीत जाई. मोडीचे जनकत्व परंपरा हेमाडपंताला देते. विद्वानांचे त्यावर एकमत नाही. पण ही लिपी घाईच्या पोटी जन्मली, एवढे तिच्या वळणावरूनच कळते.

घाईचे गुण तिच्यात होते, तसे दोषही होते. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच दिसायचे. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हे नाहीत. लिहिणारा सुखात, वाचणारा संकटात! संदर्भ ठाऊक असलेला कारकून सरसर वाची. परका माणूस पहिल्याच ओळीत अडखळे.

तरीही मोडीचे खरे वैर जडले ते छापखान्याशी. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत. १८१० साली कोश छापला तो मोडी खिळ्यांनी. म्हणजे मोडी छापता येतच नव्हती असे नव्हे. पण काना-मात्रा जोडताच मोडीची अक्षरे रूप पालटतात, आणि पालटलेल्या प्रत्येक रूपाला निराळा खिळा पाडावा लागतो. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला, तो बालबोधीत. पुढे पाठ्यपुस्तकेही बालबोधीतच छापली गेली, आणि मुलांच्या माथी दोन लिप्या बसल्या : वाचायला एक, लिहायला दुसरी.

अशा वेळी दोन पक्ष पडतातच. एक म्हणतो, सदोष आणि खर्चिक गोष्ट किती दिवस सांभाळायची? दुसरा म्हणतो, ज्यांचे हात तिच्यावर बसले आहेत त्यांनी काय करावे? आजही संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांत हाच वाद रंगतो. चित्रे काढण्याच्या विजेरी पाटीची आणि लेखणीची सोय नीट चालत नाही, वापरणारे थोडे, दुरुस्तीचे श्रम फार. मग ती सोय ठेवावी की काढावी? मोडीपुरता निर्णय १९१७ साली झाला. मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध स्वीकारली. शाळांतून मोडी त्यानंतरही काही दशके शिकवली गेली, जुनी माणसे खाजगी हिशेब तीतच लिहीत राहिली. मग तीही सरली.

निर्णय चुकला असे मला वाटत नाही. एका भाषेच्या पोराने एकच लिपी गिरवावी, यात त्याचे कल्याणच होते. चुकले ते पुढचे. लिहिणे थांबवताना वाचणारे घडवत राहण्याची निकड समाजाला वाटली नाही. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले, गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले. पण पुण्याच्या दप्तरखान्यात आणि थेट तंजावरपर्यंत मोडी कागदांचे ढीग अजून पडून आहेत. आणि ही केवळ इतिहासकारांची अडचण नव्हे. जमिनीच्या जुन्या कागदासाठी आजही मोडी जाणणारा शोधावा लागतो. २०२३ साली शासनाने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा लोकांच्या पदरात काय पडणार हे मोडी वाचणाऱ्या मोजक्या माणसांवर येऊन ठेपले.

गंमत अशी की, ज्या दोषासाठी छापखान्याने मोडीला दूर लोटले, तो आता दोष उरलेला नाही. अक्षर जागेप्रमाणे रूप पालटू लागले तर संगणक ते बिनतक्रार पालटून देतो. २०१४ साली मोडीला युनिकोड या जागतिक वर्णसंचात स्थान मिळाले. त्या संचाचा एक नियम मला फार आवडतो : एकदा आत घेतलेले अक्षर पुन्हा काढायचे नाही. वापरणारे दहा असोत वा दहा कोटी.

नव्या वाटेने जाताना जुनी वाट बंद करावी लागते. संसारालाही हे चुकत नाही. पण त्या वाटेवर ज्यांची घरे आहेत, त्यांच्या दारापर्यंत निदान पायवाट तरी राखावी. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग चालतात. घरातल्या एखाद्या पोराने जरी ती अक्षरे शिकून घेतली, तरी माळ्यावरच्या वहीला हळदकुंकवापेक्षा अधिक काही मिळेल : वाचक मिळेल.