उत्तरेचा वारा आणि आडोसा

नारळी पौर्णिमा झाली की आपल्या कोकणातला समुद्र हळूहळू निवळतो आणि थंडीत तर अगदी शहाण्यासारखा वागतो. त्यामुळे 'माझी पीएचडी हिवाळ्यातल्या समुद्री वाऱ्यांवर आहे' असं सांगितलं की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: "थंडीत कुठे गं वादळं होतात?"

होतात. मेक्सिकोच्या आखातात दर हिवाळ्यात होतात. तिथल्या व्हेराक्रूझ बंदरात या वाऱ्याला नुसतं 'नोर्ते' म्हणतात, म्हणजे 'उत्तर'. नावात सगळं आलं. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणासाठी मी या नोर्तेचा इतिहास वाचत होते, आणि वाचता वाचता माझा स्वतःच्या विषयाकडे बघण्याचा दृष्टिकोन थोडा बदलला. म्हणून ही पोस्ट.

आधी थोडं विज्ञान. आपल्या उत्तरेला हिमालय आडवा उभा आहे, म्हणून सायबेरियातली गार हवा थेट आपल्यापर्यंत पोचत नाही. उत्तर अमेरिकेतले मोठे डोंगर मात्र उत्तर-दक्षिण पसरलेत. कॅनडातून निघालेल्या थंड हवेला आडवं येणारं काही नाही. उलट पश्चिमेकडची डोंगररांग तिला कडेकडेने दक्षिणेला ढकलते. ही हवा टेक्सासचा किनारा ओलांडते आणि पुढे सुमारे हजार किलोमीटर मोकळं, उबदार पाणी असतं.

गंमत इथेच आहे. आपल्याला वाटतं, कोमट पाण्यावर आल्यावर गार वारा जरा नरमेल. होतं उलटंच. पातेल्याखाली गॅस लावला की पाणी कसं खालीवर ढवळायला लागतं, तशी ही हवा खालून तापून ढवळली जाते. वरच्या थरातला वेगवान वारा त्या ढवळण्यात खाली ओढला जातो आणि झोताझोताने पाण्यावर आपटतो. हवा गार आणि समुद्रही गार असता, तर हाच वारा पृष्ठभागावर इतका जोरात लागला नसता. त्यात जमिनीसारखं घर्षण नाही आणि लाटा वाढायला हजार किलोमीटरचं मैदान. आखाताच्या दक्षिण टोकाला पोचेपर्यंत त्या चांगल्याच माजतात.

दुसरी फसवणूक वायुभारमापकाची. चक्रीवादळाची सवय असलेल्या खलाशाला दाब चढताना दिसला की हायसं वाटतं. पण नोर्तेमध्ये थंड, जड हवा घुसते, त्यामुळे आघाडीच्या आधी पडलेला दाब वारा सुटल्यावर चढायला लागतो. म्हणजे पारा वर जातोय आणि जहाजाचे दोर तुटतायत, अशी परिस्थिती.

आता इतिहास. १५१८ मध्ये ग्रिहाल्वाची आणि १५१९ मध्ये कोर्तेसची स्पॅनिश जहाजं या किनाऱ्यावर आली. नांगर टाकायला त्यांनी जागा निवडली ती सान हुआन दे उलुआ नावाच्या छोट्याशा बेटाच्या आडोशाला. बेट कसलं, पाण्याच्या जेमतेम वर आलेला उंचवटा. पण त्याच्यामागे उत्तरेचा वारा थोडा कमी लागायचा. त्या थोड्याशा आडोशावर पुढे तीन शतकं स्पेनचा मेक्सिकोशी व्यापार चालला. बेटावरच्या किल्ल्याच्या भिंतीत मोठाल्या कड्या बसवलेल्या होत्या. त्यांना जहाजं बांधून ठेवायची, कारण नुसत्या नांगराचा भरवसा नव्हता.

हा आडोसा किती मोलाचा होता हे १५६८ च्या सप्टेंबरमध्ये दिसलं. इंग्रज कप्तान जॉन हॉकिन्स वादळात खिळखिळी झालेली जहाजं घेऊन इथे शिरला आणि त्याने बेट ताब्यात घेतलं. दुसऱ्याच दिवशी स्पेनचा ताफा दाराशी हजर, त्यात नवा व्हाइसरॉयही. हॉकिन्सपुढे पेच पडला. शत्रूला आत घ्यावं तर दगाफटका होणार. बाहेर ठेवावं तर उत्तरेचा वारा सुटला की अख्खा ताफा किनाऱ्यावर फुटणार, आणि तेव्हा दोन्ही देशांत युद्ध नसल्याने त्याचा जाब राणीला द्यावा लागणार. त्याने करार करून त्यांना आत घेतलं. दगा झालाच. निसटली फक्त दोन लढाऊ जहाजं, त्यातल्या एकाचा कप्तान होता तरुण फ्रान्सिस ड्रेक. ही लढाई धर्म आणि व्यापाराच्या भांडणातून झाली, हे खरंच. पण दोन्ही ताफ्यांना त्या चिंचोळ्या जागेत एकमेकांना चिकटून उभं राहायला लावलं ते वाऱ्याने.

अडीचशे वर्षांनी, १८०४ मध्ये, अलेक्झांडर फॉन हंबोल्ट याच बंदरातून मेक्सिको सोडून गेला. इथले बंदरप्रमुख बर्नार्दो दे ओर्ता यांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या हवामानाच्या नोंदी त्याने आपल्या ग्रंथात वापरल्या. त्याने मांडलेला एक विरोधाभास माझ्या कायम लक्षात राहील. उन्हाळ्यात व्हेराक्रूझमध्ये पीतज्वर माणसं मारायचा. हिवाळ्यात नोर्ते सुरू झाले, हवा गार झाली की साथ ओसरायची. म्हणजे जो वारा शहराला वाचवायचा, तोच बंदरातल्या जहाजांच्या जिवावर उठायचा. युरोपातून येणाऱ्याने निवड करायची: ताप की वारा?

एक गोष्ट लक्षात आली का? १५१९ पासून वारा कुठून येतो, कोणत्या महिन्यांत येतो, सगळं माहीत होतं. ज्ञानाची टंचाई नव्हती, आडोशाची होती. ८ डिसेंबर १८४६ ला अमेरिकन युद्धनौका 'सॉमर्स' व्हेराक्रूझची नाकेबंदी करत होती. एका जहाजाच्या पाठलागावर असताना अचानक झोत आला, 'सॉमर्स' कलंडली आणि काही मिनिटांत बुडाली. तीसहून जास्त माणसं गेली. खरा उपाय झाला तो १९०२ मध्ये, पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीत. ब्रिटिश कंत्राटदार वीटमन पिअर्सन यांच्या कंपनीने लाटारोधक भिंती बांधून बंदर पुरं केलं. वारा तोच राहिला, पण जहाजांना पाठ टेकायला दगड मिळाला.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण विसाव्या शतकात माणूस किनारा सोडून तेलासाठी समुद्राच्या मध्यात जाऊन राहिला. तिथे कुठली भिंत बांधणार?

२३ ऑक्टोबर २००७. मेक्सिकोचं हवामान खातं प्रत्येक हंगामातल्या शीत आघाड्यांना क्रमांक देतं. ही होती चौथी. कांपेचेच्या उपसागरात 'उसुमासिंता' नावाची पाय टेकवून उभी राहणारी रिग 'काब-१०१' या फलाटाशेजारी कामाला लागली होती. वाऱ्याचे झोत ताशी सुमारे १३० किलोमीटर, लाटा सहा ते आठ मीटर. रिग हलली, तिचा पुढे आलेला भाग विहिरीच्या झडपांवर आदळला आणि तेल-वायू गळायला लागला. माणसांनी रिग सोडायचा निर्णय घेतला. भडक नारिंगी रंगाच्या बंदिस्त जीवरक्षक होड्या, ज्यांना तिथले कामगार 'मांदारीना' म्हणजे संत्रं म्हणतात, त्यांत बसून ते समुद्रात उतरले. पण त्या लाटांत होड्या टिकल्या नाहीत. बावीस जण मेले. रिग मात्र त्या रात्री उभीच होती.

यावरून 'थांबले असते तर वाचले असते' असं म्हणणं फार सोपं आहे. वायू गळतोय, कुठल्याही क्षणी पेट घेईल, अशा वेळी लोखंडावर बसून राहायचं कोणी? पुढे नोव्हेंबरमध्ये ती खरंच पेटली. नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ मारिओ मोलिना यांच्या अध्यक्षतेखाली या दुर्घटनेच्या चौकशीसाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. मला मात्र राहून राहून वाटतं, त्या माणसांपुढचा पेच हॉकिन्सच्याच जातीचा होता: दोन्हीकडे धोका, आणि मध्ये उत्तरेचा वारा.

आपल्याला हे परकं वाटू नये. मे २०२१ मध्ये तौते चक्रीवादळात मुंबईसमोरच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. ते वादळ वेगळ्या जातीचं होतं, पण इशारा तेव्हाही आधीच मिळाला होता.

माझं रोजचं काम म्हणजे कोमट पाण्यावरच्या झोतांचा अंदाज आणखी थोडा अचूक करणं. गाइडना मी अभिमानाने सांगते, चूक इतकी कमी झाली. पण हे प्रकरण लिहिल्यापासून प्रत्येक आलेखासमोर एक प्रश्न विचारायची सवय लागली आहे: हा इशारा सहा तास आधी मिळाला, तर त्या माणसाने जायचं कुठे? त्याचं उत्तर माझ्या मॉडेलमध्ये नाही. ते आधीच कोणीतरी बांधून ठेवावं लागतं, भिंतीतल्या त्या कड्यांसारखं.