बॉक्सिंगच्या लढतीआधी सराव किती करायचा आणि विश्रांती किती घ्यायची?

1 ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन वेळची विश्वविजेती निखत झरीन चीनच्या वू यूकडून 5-0 अशी हरली. लढतीनंतर तिने सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी दोन दिवस तिने काही खाल्लं नव्हतं. पाणीही वजन झाल्यावरच प्यायली आणि शरीर सावरायला वेळच मिळाला नाही.

सोबत कोच आणि डॉक्टर असतानाही तिच्यावर ही वेळ आली. मग वाशिम, रिसोड किंवा कारंजातून जिल्हा आणि विभागीय स्पर्धेला निघणाऱ्या मुला-मुलींनी शेवटचे दिवस कसे घालवावेत?

शेवटच्या आठवड्यात जास्त सराव केला तर?

फायदा कमी, तोटाच जास्त. जोरदार सरावाने ताकद आणि दम वाढायला काही आठवडे लागतात, थकवा मात्र लगेच येतो. दुखरे स्नायू 24 ते 72 तास त्रास देतात. स्नायूंमधला ऊर्जेचा साठा संपला, तर तो भरायला नीट जेवूनही साधारण एक दिवस लागतो. म्हणजे आदल्या दिवशी घाम गाळणारा खेळाडू रिंगमध्ये अर्ध्या टाकीवर उतरतो.

टेपरिंग म्हणजे काय?

स्पर्धा जवळ येताना सरावाचा भार ठरवून उतरवत नेणं. धावपटू, जलतरणपटू आणि सायकलपटूंवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार सुमारे दोन आठवडे सरावाचं प्रमाण 41 ते 60 टक्के कमी केलं, पण वेग आणि सरावाचे दिवस तेच ठेवले, तर कामगिरी सर्वाधिक सुधारते.

बॉक्सिंगच्या भाषेत सांगायचं, तर बॅगवर 12 राऊंड मारत असाल तर 6 मारा. ठोसे मात्र तेवढेच वेगवान हवेत.

ढोबळ वेळापत्रक कसं असावं?

• 14 ते 8 दिवस आधी: शेवटचं जोरदार स्पारिंग याच काळात उरका. भार हळूहळू कमी करा.
• 7 ते 4 दिवस आधी: पॅडवर काम, फूटवर्क, छोटे पण वेगवान राऊंड. डोक्याला मार बसेल असं स्पारिंग बंद.
• 3 ते 2 दिवस आधी: 30-40 मिनिटं शॅडो बॉक्सिंग आणि हलक्या दोरीउड्या.
• आदला दिवस: थोडं चालणं, स्ट्रेचिंग, नेहमीचं जेवण. बाहेरगावी स्पर्धा असेल तर शक्यतो आदल्या दिवशीच पोहोचा. पहाटेची एसटी पकडून थेट रिंगमध्ये उतरणं टाळा.

किशोरवयीन खेळाडूला रोज 8 ते 10 तास झोप लागते. अभ्यास आणि पहाटेचा सराव यांत ती कापली जात असेल, तर या दोन आठवड्यांत पहाटेचा सराव कमी करा.

वजनाचं काय?

खरा धोका इथे आहे. स्वेटर घालून पळणं, पाणी तोडणं, उपास हे उपाय गावोगावी सांगितले जातात. पण शरीराच्या वजनाच्या 2 टक्के पाणी कमी झालं तरी दम घटू शकतो. 50 किलोच्या खेळाडूसाठी हे फक्त 1 किलो आहे. 1997 च्या शेवटी अमेरिकेत झटपट वजन उतरवताना तीन कॉलेज कुस्तीगीरांचा जीव गेला होता.

‘पण मेरी कोमने चार तासांत दोन किलो उतरवलेच की!’ असं कोणी म्हणेल. पोलंडमधल्या 2018 च्या स्पर्धेत तिने ते केलं आणि सुवर्णही जिंकलं. पण तेव्हा ती पाच वेळची विश्वविजेती होती आणि शरीर ओळखून होती. वाढीच्या वयातल्या मुलांनी हा कित्ता गिरवू नये.

सुरक्षित मार्ग सोपा आहे. महिनाभर आधीपासून दर आठवड्याला वजन करा. दोन आठवडे उरले असताना वजन बरंच जास्त असेल, तर कोचशी बोलून वरच्या वजनगटात खेळा.

कधी खेळूच नये?

सरावात डोक्याला मार बसून चक्कर, उलटी, डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखं होत असेल, तर सराव लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. ताप असेल तरी लढतीआधीच्या वैद्यकीय तपासणीत तो लपवू नका. पालकांनीही ‘एवढी तयारी केली, आता खेळून घे’ असा आग्रह धरू नये. एक स्पर्धा हुकली तर पुढची खेळता येईल.