दख्खनमधील खासगी वेधशाळा आणि वडूजचे आकाश

१

वेधशाळांचा इतिहास सामान्यतः इमारतींचा आणि दुर्बिणींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या संस्थानिकाने किती द्रव्य दिले, आरसा किती इंचांचा होता, घुमट केव्हा उभा राहिला, या गोष्टी दप्तरात सापडतात आणि म्हणून त्या इतिहासात येतात. घराच्या परसात उभारलेल्या लहान वेधशाळेला हे माप लावले तर तिच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे उरत नाही. विटांचा एक खांब, त्यावर दुर्बीण, भोवती लाकडी आडोसा आणि वर सरकते छप्पर एवढाच तिचा पसारा असतो. मालकाची बदली झाली किंवा तो निवर्तला की खांब पडतो व दुर्बीण विकली जाते.

तथापि अशा वेधशाळेचे मूल्य तिच्या बांधकामावरून ठरवणे योग्य नव्हे. ते तेथे लिहिल्या गेलेल्या आणि तेथून बाहेर पोहोचलेल्या नोंदींवरून ठरवले पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी १८४२ नंतरच्या दख्खनमधील काही उदाहरणांचा येथे विचार केला आहे. विचाराचे निमित्त मात्र वडूज हे आहे. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, येरळेच्या काठी वसलेले हे खटाव तालुक्याचे ठाणे पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथे पोहोचेपर्यंत विरळ झालेला असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे दैन्य, तेच आकाशनिरीक्षकाच्या दृष्टीने अनुकूल ठरते. अशा ठिकाणी हौशी अभ्यासकाने लहान वेधशाळा उभारावयाची झाल्यास त्याच्या मागे कोणती परंपरा आहे आणि तीतून त्याने काय घ्यावे, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

२

या परंपरेचा आरंभ शोधताना प्रथम नाव येते ते कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांचे. १८१३ मध्ये जन्मलेले जेकब ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील अभियंता पथकात १८३१ मध्ये दाखल झाले. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यास स्वतःची लहान वेधशाळा उभारली. तिच्यात डॉलंड यांच्या कारखान्यातील, विषुववृत्तीय मांडणीची पाच फुटी दुर्बीण होती. त्या काळी दुर्बिणीची ओळख बहुधा तिच्या केंद्रांतरावरून, म्हणजे स्थूलमानाने नळीच्या लांबीवरून सांगत. तेव्हा ‘पाच फुटी’ या शब्दाने आजच्या वाचकाने प्रचंड यंत्राची कल्पना करू नये. ती एका माणसाने एकट्याने हाताळावी अशीच दुर्बीण होती.

जेकब यांनी या दुर्बिणीसाठी जे काम निवडले त्यातच त्यांचा विवेक दिसतो. अंधूक तेजोमेघांच्या मागे न लागता त्यांनी जोडताऱ्यांचे मापन हाती घेतले. दोन ताऱ्यांमधील कोनीय अंतर आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेची दिशा, एवढ्या दोनच राशी मोजावयाच्या असतात. त्यासाठी मोठ्या भिंगापेक्षा स्थिर हवा, पक्का खांब आणि वर्षानुवर्षांची चिकाटी यांची गरज अधिक असते. १८४५ ते १८४८ या काळातील पुण्याच्या वेधांवरून त्यांनी २४४ जोडताऱ्यांची सूची सिद्ध केली आणि ती लंडनच्या राजकीय खगोल मंडळाकडे पाठवली. वृश्चिक राशीतील ‘न्यू’ ताऱ्याचा अंधूक जोडीदार स्वतःच दुहेरी आहे, हे १८४७ मध्ये त्यांना पुण्यातून दिसले. याच सुमारास अमेरिकेतील सिनसिनाटी येथे मिचेल यांनीही ते ओळखले होते. पुढे १८७० नंतरच्या दशकात याच ताऱ्याचा तेजस्वी घटकही दुहेरी असल्याचे शिकागोच्या बर्नहॅम यांनी दाखवले. बर्नहॅम हे व्यवसायाने न्यायालयातील लघुलेखक होते आणि त्यांची सहा इंची दुर्बीण घराच्या परसातच उभी होती.

या ताऱ्याच्या बाबतीत स्थानाचे महत्त्वही ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याची क्रांती सुमारे साडेएकोणीस अंश दक्षिण आहे. ग्रिनिच येथे तो याम्योत्तरवृत्तावर येतो तेव्हा क्षितिजापासून केवळ १९ अंश उंच असतो, म्हणजे हवेच्या जाड व अस्थिर थरांतून त्याचा प्रकाश येतो. पुण्यास तोच तारा ५२ अंशांवर असतो आणि वडूजला जवळजवळ ५३ अंशांवर. दख्खनच्या परसातील लहान दुर्बिणीला युरोपातील मोठ्या दुर्बिणीवर काही बाबतींत मात करता येते, ती या कारणाने.

डिसेंबर १८४८ मध्ये जेकब यांची मद्रास वेधशाळेच्या संचालकपदी नेमणूक झाली आणि पुण्याचे काम थांबले. मद्रासला असताना, १८५५ मध्ये, भुजंगधारी समूहातील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या गतीत आढळणाऱ्या विसंगतीचे कारण एखादा अदृश्य ग्रह असावा, असे त्यांनी सुचवले. हे अनुमान पुढे टिकले नाही. परंतु मूळ मापने प्रसिद्ध झालेली असल्यामुळेच ते तपासता आले आणि दूर सारता आले. प्रकृतीच्या कारणाने १८५९ मध्ये त्यांनी मद्रासची जागा सोडली. मग पुण्याच्या परिसरात उंचावर वेधशाळा स्थापण्याची योजना त्यांनी मांडली आणि १८६२ मध्ये ब्रिटिश संसदेने तीसाठी एक हजार पौंड मंजूर केले. टेनेरीफच्या डोंगरावर पियाझी स्मिथ यांनी १८५६ मध्ये केलेल्या प्रयोगानंतर उंचावरील वेधांकडे विद्वानांचे लक्ष लागले होतेच. स्वखर्चाने घेतलेली लेरेबूर यांची नऊ इंची दुर्बीण या कामी लावण्याचा जेकब यांचा बेत होता. ८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईस उतरले आणि १६ ऑगस्ट रोजी पुण्यास निधन पावले. योजना त्यांच्याबरोबरच संपली. २४४ ताऱ्यांची सूची मात्र राहिली.

३

दुसरे उदाहरण खासगी नव्हे, पण शिकवण तीच देते. भावनगरचे महाराजा तख्तसिंगजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तितकीच भर घातली आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा निघाली. ती १८८८ पासून कार्य करू लागली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रवर्तक, चालक आणि बहुतांशी एकमेव निरीक्षक होते. डब्लिनच्या ग्रब यांची २० इंची परावर्ती दुर्बीण येथे होती व ती दीर्घकाळ भारतातील सर्वांत मोठी होती. संस्था सरकारी, यंत्रे उत्तम. तथापि सारे एका व्यक्तीच्या उत्साहावर उभे होते. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद करण्यात आली आणि यंत्रे कोडईकनालला रवाना झाली. परसातील वेधशाळेचा अल्पायुषीपणा हा केवळ पैशाच्या अभावाचा परिणाम नाही, हे यावरून स्पष्ट होते. उत्तराधिकारी नसेल तर दगडी इमारतही वाचत नाही.

४

नायगमवालांच्या कार्यातील एक प्रसंग वडूजच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून चढून ईशान्येकडे गेला. किनाऱ्यावर विजयदुर्ग येथे नॉर्मन लॉक्यर यांच्या पथकाचा तळ होता आणि ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. पुढे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे नायगमवाला यांनी आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी आपापली यंत्रे मांडली. कॅम्बेल यांच्याजवळ सूर्यकिरीटाच्या छायाचित्रांसाठी ४० फूट केंद्रांतराचा कॅमेरा होता.

नकाशावर विजयदुर्ग व जेऊर ही ठिकाणे सरळ रेषेने जोडली तर ती रेषा खटाव तालुक्यातून, वडूजच्या अगदी जवळून जाते. म्हणजे त्या दिवशी दुपारी वडूजवरही सुमारे दोन मिनिटे खग्रास अंधार पडला, आणि जानेवारीतील कोरड्या हवेत तो अनुभव जेऊरपेक्षा उणा असण्याचे कारण नव्हते. मग तळ जेऊरला का पडला? जेऊरला रेल्वेचे स्थानक होते आणि विजयदुर्गला गलबत लागत होते; जड यंत्रांच्या पेट्या तेथेच उतरवता येत होत्या. छाया सर्वांवर सारखीच पडली, परंतु ती शास्त्राच्या दप्तरात जेऊरच्या नावाने दाखल झाली. नायगमवाला यांचा या ग्रहणावरील अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून निघाला.

विजयदुर्गच्या किल्ल्यात दुर्बिणीसाठी बांधलेले चौथरे उभे असून लोक त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. लॉक्यर यांनी १८६८ मध्ये याच कट्ट्यांवरून हेलियमचा शोध लावला, अशी समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचे महत्त्वाचे वेध जान्सेन यांनी गुंटूरला घेतले आणि लेफ्टनंट जॉन हर्शल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात घेतले. लॉक्यर यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, ग्रहणावाचून, इंग्लंडमधूनच सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गला ते आले ते तीस वर्षांनंतर. चौथरा टिकला, पण त्याची तारीख हरवली, आणि ती परत मिळाली ती प्रसिद्ध अहवालांतून. बांधकाम आणि नोंद यांत इतिहासाच्या दृष्टीने श्रेष्ठ काय, याचे याहून बोलके उदाहरण देता येणार नाही.

५

येथे एक आक्षेप संभवतो. महाराष्ट्रात ज्योतिषशास्त्राची परंपरा समृद्ध असताना परसातील दुर्बिणीला एवढे महत्त्व का द्यावे? केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये आला आणि १९२० मध्ये सांगलीस ज्योतिष संमेलन भरून पंचांगशुद्धीचा ऊहापोह झाला. ही परंपरा थोर आहेच. तथापि तिचे बळ गणितात होते. छत्रे यांनी कोष्टके मराठीत आणली, पण ज्या वेधांवर ती उभी होती ते युरोपातील वेधशाळांचे होते. पंचांगाचा वाद शेवटी दृक्प्रत्ययावर, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष काय दिसते यावर येऊन ठेपतो, आणि त्या टोकाशी आपल्याकडे नियमित निरीक्षक थोडे होते.

ही उणीव सामान्य साधनांनी भरून काढता येते, याचा दाखला बंगालमधील जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांनी दिला. ते सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याचे काम करीत. तीन इंची दुर्बिणीने त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या नोंदी घेतल्या आणि त्या अमेरिकेतील निरीक्षक संघटनेकडे नियमाने पाठवल्या. संघटनेने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण वापरावयास दिली. त्यांच्या नोंदींची एकूण संख्या सदतीस हजारांहून अधिक भरली. महाराष्ट्रात २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी अभ्यासकांना संस्थेचा आधार मिळाला. नायगमवाला यांना जो मिळाला नाही तो उत्तराधिकार संस्था देऊ शकते.

६

आता वडूजकडे वळू. तेथे लहान वेधशाळा उभारणाऱ्याला बांधकामाच्या बाबतीत थोडक्याच गोष्टी सांभाळावयाच्या आहेत. दुर्बिणीचा खांब मुरमापर्यंत खोल न्यावा आणि भोवतालच्या फरशीपासून वेगळा ठेवावा. नाही तर निरीक्षकाच्या पावलांचे हादरे प्रतिमेत उतरतात. घुमटाचा खर्च टाळून रुळांवर मागे सरकणारे पत्र्याचे छप्पर पुरेसे होते. वडूजचे अक्षांश सुमारे १७.६ अंश असल्यामुळे विषुववृत्तीय मांडणीचा ध्रुवीय अक्ष क्षितिजाशी तेवढाच कोन करील. युरोपच्या अक्षांशांसाठी घडवलेल्या कित्येक मांडण्या इतक्या खाली झुकत नाहीत, म्हणून खांबाच्या माथ्यावर पाचर बसवण्याची तजवीज आधीच करावी. पावसाळ्यात दमट हवेने भिंगावर बुरशी धरते आणि उन्हाळ्यात धूळ बसते. दोहोंसाठी घट्ट झाकण हवे. दक्षिणेचे क्षितिज मोकळे ठेवावे. अगस्त्य येथे सुमारे वीस अंश चढतो आणि त्रिशंकूही क्षितिजावर येतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न कामाच्या निवडीचा आहे. सहा किंवा आठ इंची आरशाच्या दुर्बिणीने जोडताऱ्यांचे मापन, रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी आणि चंद्राकडून होणारी ताऱ्यांची पिधाने, ही तिन्ही कामे होऊ शकतात. त्यांपैकी एक निवडून दहा वर्षे चालवावे. प्रत्येक वेधासोबत तारीख, जागतिक समय, दुर्बीण, नेत्रिका, हवेची स्थिती आणि निरीक्षकाचे नाव लिहावे. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तासांनी पुढे असल्यामुळे रात्री साडेबाराच्या वेधाची तारीख जागतिक समयानुसार आदल्या दिवसाची असते; एवढ्याशा गफलतीने चांगली नोंद निरुपयोगी होते. वहीची प्रत दरवर्षी संस्थेकडे पाठवावी आणि शेजारच्या शाळेतील एखाद्या मुलाला वेध घेण्यास शिकवावे, म्हणजे मालकाच्या माघारी छप्पर गंजले तरी काम थांबणार नाही.

१८९८ मध्ये छाया वडूजवरून गेली आणि नोंद जेऊरला झाली. रेल्वेचे स्थानक नसणे ही त्या वेळी खरी अडचण होती. आता दुर्बीण एका माणसाला उचलून नेता येते आणि वेध त्याच रात्री जगभर पोहोचवता येतो. उरते ती जेकब यांनी १८४२ नंतर पुण्यात दाखवली तेवढी चिकाटी. वडूजच्या भावी वेधशाळेची योग्यता तिच्या आरशाच्या व्यासावरून न ठरवता तिच्या वहीच्या पानांवरून ठरवावी, एवढेच या विवेचनाचे तात्पर्य आहे.